मालकीण रुग्णालयात गेल्यावर कुत्र्याचे काय? प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था तात्पुरता सांभाळ करतात का?

लालबागकर (प्रश्न)

आमच्या चाळीत, आमच्यापासून तिसऱ्या खोलीत, एक मावशी राहतात. वय 63. यजमान गिरणीत होते, ते जाऊन अकरा वर्षे झाली. मूलबाळ नाही, कुडाळकडे एक पुतण्या आहे. गेल्या महिन्यात मावशींच्या छातीत गाठ असल्याचे निदान झाले आणि परळच्या एका मोठ्या रुग्णालयात आधी शस्त्रक्रिया व मग केमोथेरपी, असा साधारण सहा महिन्यांचा उपचार सांगितला गेला. शस्त्रक्रियेची तारीख त्यांना एकदा मिळाली होती, पण त्या गेल्याच नाहीत. पैशांची अडचण असेल किंवा भीती वाटत असेल, असे समजून माझी पत्नी खोदून विचारायला गेली, तेव्हा कळले की अडचण बंड्याची आहे.

बंड्या हा त्यांचा कुत्रा. नऊ वर्षांचा, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. गणपतीच्या गर्दीत चुकून आमच्या जिन्याखाली आलेले ते पिल्लू मावशींनी उचलले, तेव्हापासून तो त्यांच्याकडेच आहे. मावशी सकाळी कोंबडीचे पाय घालून त्याचा भात शिजवतात आणि परातीत पसरून ठेवतात. भात गार होईपर्यंत बंड्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसतो आणि मावशींनी "चल" म्हटल्याशिवाय तोंड लावत नाही. त्या तपासणीसाठी दिवसभर बाहेर होत्या, तेव्हा माझ्या पत्नीने दोनदा त्याला तोच भात वाढून पाहिला. दोन्ही वेळा तो नुसता हुंगून परत दारात जाऊन बसला.

आम्ही त्याला घरात घेऊ शकत नाही, कारण आमची खोली 180 चौरस फुटांची आहे आणि माझ्या आईला दमा आहे. पुतण्याचे म्हणणे, "गावाला आणून सोडा, राहील वाडीत." बोर्डिंगची चौकशी केली, तर एका महिन्याचा आकडाच मावशींच्या निवृत्तिवेतनाच्या कितीतरी पट निघाला.

रस्त्यावरच्या जखमी प्राण्यांसाठी मुंबईत अनेक संस्था काम करतात, एवढे मला ठाऊक आहे. पण घरातला, धडधाकट, मालकीण असलेला कुत्रा त्या काही महिन्यांसाठी सांभाळतात का? सांभाळत असतील, तर त्यासाठी कोणती कागदपत्रे आणि किती पैसे लागतात? आणि उपचार संपल्यावर तो खरोखर परत मिळतो का? पहिले दोन प्रश्न माझे आहेत आणि तिसरा मावशींचा. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय त्या रुग्णालयाची पायरी चढणार नाहीत, असे दिसते.

पाणवठा

मी उपनगरातल्या एका छोट्या संस्थेत बारा वर्षे स्वयंसेवक म्हणून काम करतो आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर "हो, पण आपल्या मनात असते त्या पद्धतीने नाही" असे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्यासारख्या कुठल्याही संस्थेला दिवसभरात येणाऱ्या फोनपैकी बरेचसे "आमचा कुत्रा घेऊन जा" असे सांगणारे असतात. बाळ होणार आहे, बदली झाली आहे, चाळ पुनर्विकासात गेली आहे आणि भाड्याच्या घराचा मालक प्राणी ठेवू देत नाही, अशी कारणे असतात आणि त्यांतली काही खरी असतात. संस्थांकडची जागा मात्र अपघातग्रस्त आणि आजारी जनावरांनीच भरलेली असते. त्यामुळे फोन उचलणारा स्वयंसेवक "कुत्रा ठेवायचा आहे" एवढे ऐकूनच नकार द्यायच्या तयारीत असतो. तुम्ही फोन कराल तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगा की मालकीण कुत्रा सोडत नाही, तिला उपचारासाठी ठरावीक दिवस मदत हवी आहे आणि ती त्याला परत घेणार आहे. या वाक्यानंतर समोरच्याच्या आवाजात पडलेला फरक तुम्हाला फोनवरच कळेल.

दुसरी गोष्ट म्हणजे, संस्थेने निवाऱ्यात घ्यायची तयारी दाखवली, तरी बंड्याला तिथे ठेवू नये असेच मी म्हणेन. नऊ वर्षे एका माणसाजवळ झोपलेला कुत्रा वीस-पंचवीस भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या शेजारी पिंजऱ्यात राहिला, की अन्न सोडतो, पंजे चाटून चाटून लाल करतो आणि शेजारच्याचा खोकला त्यालाही लागतो. त्याच्यासाठी योग्य सोय म्हणजे 'फोस्टर', म्हणजे कुणाच्या तरी घरी तात्पुरता सांभाळ. संस्थेचे खरे काम असे घर शोधणे, ते जाऊन पाहणे आणि दोन्ही बाजूंना धरून ठेवणे हे असते, आणि त्यातला मोठा भाग फोनवर होतो. घरात दुसरे जनावर आहे का, लहान मूल आहे का, खिडकीला जाळी आहे का, सोसायटीत कटकट होईल का, हे सगळे आधी विचारले जाते. (सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच कळवले आहे. तरीही सचिवांशी भांडण्यात वेळ घालवण्यापेक्षा कटकट नसलेले घर शोधलेले बरे, असा माझा अनुभव आहे.) मग एक रात्र राहून पाहायची आणि जमले तर पुढे जायचे. पैशांचे म्हणाल, तर आमच्याकडे सांभाळणारा जागा आणि वेळ देतो, औषधपाणी संस्था बघते आणि खाण्याचा खर्च मालकाला जमेल तेवढा तो करतो. मावशींनी फक्त तांदूळ पाठवले, तरी आम्ही ते घेऊ, कारण बंड्या आपलाच आहे हे त्यांना त्यातून जाणवत राहते.

आता तुमच्या सहा महिन्यांविषयी. हा आकडा ऐकून सगळेच दचकतात आणि तिथेच प्रयत्न थांबतात. म्हणून आमच्याकडे अशी विनंती आली, की आम्ही आधी उपचाराचे वेळापत्रक मागतो. शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात काही दिवस काढावे लागतात हे खरे, पण केमोथेरपी पुष्कळदा डे-केअरमध्ये, दर दोन-तीन आठवड्यांनी दिली जाते आणि रुग्ण संध्याकाळी घरी येतो. मावशींच्या बाबतीत नेमके काय होणार आहे, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. तसे असेल, तर सलग सहा महिन्यांचा सांभाळ लागणारच नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बंड्याला बाहेर ठेवावे लागेल आणि पुढे प्रत्येक केमोनंतर मावशींना उठवत नाही तेवढे दिवस कुणीतरी त्याला खाली फिरवून आणणे व भात वाढणे पुरेल. सहा महिन्यांसाठी घर मिळणे कठीण असते, पण तीन आठवड्यांसाठी मिळते. आणि सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे फिरवायला चाळीतला एखादा कॉलेजचा मुलगा आनंदाने तयार होतो.

प्राण्याला उचलून नेणे हा आमच्या लेखी शेवटचा उपाय आहे. त्याला त्याच घरात, त्याच माणसाजवळ कसे राहू देता येईल, हे आधी पाहायचे. 2020 च्या टाळेबंदीत आम्ही हे धडपडत शिकलो. घरातली सगळी माणसे विलगीकरणात आणि आत मांजर कोंडलेले, असे फोन यायचे. जनावरांपासून कोरोना पसरतो, या अफवेमुळे शेजारी दारालाही हात लावायला तयार नसत. सुरुवातीला आम्ही अशा मांजरांना उचलून आणायचो आणि आणलेली मांजरे कोपऱ्यात तोंड खुपसून उपाशी बसायची. मग आम्ही किल्ली घ्यायला लागलो. रोज एकदा जायचे, खाणे-पाणी आणि मातीचा ट्रे बदलायचा आणि दार लावून यायचे. मांजरे व्यवस्थित राहिली आणि माणसे परतली तेव्हा ती दारातच बसलेली होती.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर घ्या. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला करारनामा चालतो. बंड्याची मालकी मावशींकडेच राहील, सांभाळ अमुक तारखेपर्यंत असेल आणि वाढवायचा झाल्यास दोघांच्या संमतीने वाढेल, तो आजारी पडल्यास कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे आणि किती खर्चापर्यंत न विचारता उपचार करायचे, मावशींना त्याची खबर कधी आणि कशी मिळेल, हे सगळे त्यात असावे. शिवाय मावशी परत येऊ शकल्या नाहीत, तर बंड्या कोणाकडे जाईल, हेही असावे. हे विचारायला कुणीच धजत नाही. पण माझा अनुभव असा, की आजारी माणसाच्या मनात तो प्रश्न आधीपासूनच घोळत असतो आणि कुणीतरी तो स्पष्टपणे विचारून उत्तर लिहून घेतले, की त्याला झोप लागते.

बैलघोड्याशेजारचा

मी पशुवैद्य आहे, आता निवृत्त झालो आहे. शिक्षण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झाले. लालबागकरांच्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्याच परिसरात 'बैलघोडा हॉस्पिटल' आहे. त्याचे खरे नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय असे असले, तरी परळ-लालबागच्या जुन्या माणसांना बैलघोडाच म्हणावे लागते. प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालण्यासाठी मुंबईत 1874 मध्ये स्थापन झालेली संस्था ते चालवते. रुग्णालय 1883 चे आणि महाविद्यालय 1886 चे. हे सांगण्याचे कारण असे, की 'संकटातल्या माणसाला त्याच्या जनावरामार्फत मदत' ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नवी टूम नाही. बैल आणि घोडा या नावातच ती आहे. व्हिक्टोरियावाल्याचा घोडा लंगडला, की त्याच्या घरची चूल थंडावत असे, त्यामुळे घोड्याच्या खुरावर केलेला उपचार एका कुटुंबावरही होत असे. लंडनच्या ईस्ट एंड भागात मारिया डिकिन यांनी 1917 मध्ये गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला, त्यामागेही हेच निरीक्षण होते. ज्याच्याकडे स्वतःच्या औषधाला पैसे नाहीत, तो गाढवाला किंवा कुत्र्याला डॉक्टरकडे नेऊ शकत नाही आणि त्याला टाकूनही देऊ शकत नाही.

टाकून न देण्याची ही वृत्ती किती प्रबळ असते, हे सरकारांना उशिरा कळले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तबेल्यांत दाव्याला बांधलेल्या म्हशी बुडाल्या, हे अनेकांना आठवत असेल. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत कॅटरिना वादळ आले आणि कुत्र्या-मांजरांना बचाव-बोटींत घेत नाहीत म्हणून अनेक माणसे पाण्याने वेढलेल्या घरांतून हलायलाच तयार झाली नाहीत. परिणामी, 2006 मध्ये तिथे आपत्कालीन योजनांमध्ये पाळीव प्राण्यांचाही विचार झालाच पाहिजे असा कायदा करावा लागला. तुमच्या मावशींनी शस्त्रक्रियेची तारीख टाळली, त्याकडे याच नजरेने पाहावे. ज्याला आपण हट्ट म्हणतो, त्यामागचा हिशेब त्यांच्यापुरता पक्का असतो.

आता कामाचे बोलतो. बंड्याला कुठेही पाठवण्यापूर्वी त्याचे लसीकरण तपासा. रेबीजची लस वर्षातून एकदा देतात आणि तिचे प्रमाणपत्र नसेल, तर कुणीही त्याला घरात घेणार नाही. मुंबईच्या पावसात लेप्टोस्पायरोसिसची लसही हवी. ती त्याला पूर्वी दिलेली नसेल, तर काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावे लागतात, म्हणून नवी तारीख मिळण्याची वाट न पाहता पहिला डोस याच आठवड्यात द्या. अंगावर गोचीड आहेत का ते बोटांनी केस उलटे करून पाहा, विशेषतः कानांच्या आत आणि पायाच्या बोटांमधल्या बेचक्यांत. गोचीडतापाची सुरुवात फक्त सुस्तीने आणि खाणे कमी होण्याने होते. सांभाळणारे लोक "मालकिणीची आठवण काढतो आहे" असे समजून चार दिवस घालवतात आणि तोवर रक्त कमी झालेले असते. या वयात एकदा हृदय आणि रक्त तपासून घेतलेले बरे. भात बदलू नका. बदलायचाच असेल, तर आठवडाभरात हळूहळू बदला.

केमो चालू असताना मावशींच्या पांढऱ्या पेशी कमी होतील, तेव्हा कुत्रा जवळ असावा की नाही, हे त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना आवर्जून विचारा. साधारणपणे लसीकरण आणि जंतनाशक झालेल्या, निरोगी कुत्र्याला दूर करण्याची गरज पडत नाही. मात्र त्याची घाण उचलणे, त्याने तोंड चाटणे आणि नखांचे ओरखडे टाळायला सांगतात. नखे आधी कापून घ्या.

पुतण्याचा प्रस्ताव मात्र मनातून काढून टाका. जनावराला उपाशी किंवा तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत सोडून देणे, हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे गुन्हा आहे. पण मी कायद्यापेक्षा वाडीतल्या कुत्र्यांविषयी सांगेन. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या नऊ वर्षांच्या कुत्र्याला ती हद्दीत राहू देणार नाहीत, आणि रात्री अंगणात आलेला बिबट्या तो शहरातून आला आहे का हे पाहत नाही.

ओसरी

पाणवठा यांनी करारनाम्याविषयी लिहिले आहे, त्याला माझ्या अनुभवाची पुस्ती जोडते. संकट रुग्णालयाचेच असते असे नाही.

मी काही वर्षांपूर्वी नवऱ्याचे घर सोडले. सोडण्याचा निर्णय त्याआधी आठ-नऊ महिने झालेला होता, पण अंमलात येत नव्हता, कारण घरात चिंगी होती. तो माझ्यावर हात उगारायचा तेव्हा मी गप्प बसते, हे त्याला ठाऊक झाले होते, म्हणून तो मांजराला खिडकीबाहेर धरायचा. आम्ही सहाव्या मजल्यावर राहत होतो. महिलांच्या निवारागृहात मांजर नेता येणार नव्हते आणि माहेर पुण्याला, तिथे वहिनीची प्रसूती जवळ आलेली. शेवटी एका मैत्रिणीने प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेशी गाठ घालून दिली. त्यांनी मला एकही प्रश्न असा विचारला नाही, की ज्याचे उत्तर देताना मान खाली घालावी लागेल. त्यांनी विचारले ते एवढेच: घरातून तो कधी बाहेर असतो, मांजर पिशवीत शिरते का, आणि लसीचे कार्ड कुणाच्या नावावर आहे.

चिंगी चार महिने एका घरी राहिली. ते घर कुठे आहे, हे मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, कारण मला ठाऊक नसलेली गोष्ट माझ्याकडून कुणी वदवून घेऊ शकत नव्हते. ब्रिटनमध्ये डॉग्ज ट्रस्ट ही संस्था 2004 पासून छळातून बाहेर पडणाऱ्यांच्या कुत्र्यांसाठी अशी योजना चालवते आणि तिथेही सांभाळणाऱ्या घराचा पत्ता गुप्तच ठेवतात, हे मला नंतर कळले. आमच्या संस्थेला ती योजना माहीत होती की त्यांना आपसूकच सुचले, कोण जाणे. मला दर रविवारी एक छोटा व्हिडिओ यायचा. पहिल्या व्हिडिओत कपाटाखालचे फक्त दोन डोळे दिसत होते.

मांजर असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावे. नव्या जागी कुत्रा एक-दोन दिवस उपाशी राहिला, तर तो बहुधा निभावून नेतो, पण मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर यकृताला धोका होतो आणि डॉक्टर गाठावा लागतो. चिंगी पहिला दीड दिवस जेवली नव्हती. मग माझी न धुतलेली ओढणी मागवून तिच्या खोक्यात घातली गेली आणि त्या रात्री तिने थोडे मासे खाल्ले. मावशींचे नेसते, न धुतलेले एक पातळ बंड्याबरोबर जरूर द्या.

कायद्याचे म्हणाल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पाळीव प्राण्यांचा उल्लेख नाही. पीडितेला ज्यांच्याविषयी आस्था आहे अशा 'व्यक्तीला' इजा करण्याच्या धमक्या त्यात भावनिक छळ म्हणून धरल्या आहेत, आणि मांजर ही व्यक्ती नव्हे. तरी संरक्षण अधिकाऱ्यांकडच्या अर्जात मी खिडकीचा प्रसंग तारीखवार लिहिला. त्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "मांजर आता कुठे आहे?" नोंदवहीत त्यांनी काय लिहिले ते मी पाहिले नाही, पण तो प्रश्न त्यांना पडला याचे मला फार बरे वाटले होते.

धुवाधार

सगळे गोड-गोड चालले आहे, म्हणून दुसरी बाजू सांगणे भाग आहे. माझ्या वडिलांच्या बायपासच्या वेळी, 2018 मध्ये, आम्ही आमची लॅब्रॅडोर कुत्री एका संस्थेमार्फत महिनाभर एका कुटुंबाकडे दिली. करारनामा नव्हता, सगळे व्हॉट्सअपवर ठरले होते. महिना संपल्यावर त्या कुटुंबाने "मुलांना लळा लागला आहे, आणि तुमचे वडील तरी आता तिला काय फिरवणार?" असे उत्तर दिले. ज्या स्वयंसेविकेने सगळे जुळवले होते तिने संस्था सोडलेली होती आणि उरलेल्यांना आमचे प्रकरण माहीतही नव्हते. कुत्री परत आणायला सात आठवडे लागले, आणि ती आली ते महापालिकेचा श्वान परवाना माझ्या वडिलांच्या नावावर होता म्हणून. पोलीस ठाण्यात तो कागद दाखवल्यावर त्या कुटुंबाचा सूर बदलला. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे सात आठवडे त्या चिंतेत गेले. त्या लोकांनी कुत्रीला उत्तम सांभाळले होते, हे मी नाकारत नाही. चांगली माणसेही असे वागू शकतात, एवढेच सांगायचे आहे.

तेव्हा लालबागकर, बंड्याचा परवाना काढलेला नसेल, तर आधी तो मावशींच्या नावाने काढा. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. लसीच्या कार्डावरही त्यांचेच नाव असू द्या, नेऊन आणणाऱ्या शेजाऱ्याचे नको.

आणखी एक. घर शोधण्यासाठी संस्था फोटो टाकून आवाहन करतात. त्यात कुत्र्याचा फोटो टाका, बाईंचा टाकू नका. त्यांचा आजार, त्यांची खोली आणि त्यांचे एकटेपण हजार अनोळखी लोकांच्या मोबाइलवर फिरवायची काहीच गरज नाही. "मालकीण उपचारासाठी रुग्णालयात" एवढे पुरते.

पाणवठा

धुवाधार यांचा राग रास्त आहे आणि असे प्रकार होतात. स्वयंसेवक बदलतात, बहुतेक संस्थांकडे पगारी माणसे दोन-चारच असतात आणि जुनी प्रकरणे कुणाच्या तरी फोनमध्ये राहून जातात. म्हणूनच करारनाम्याच्या तीन प्रती करतो: मालकाकडे, सांभाळणाऱ्याकडे आणि संस्थेच्या फाइलमध्ये. लळा लागण्याविषयी आम्ही सांभाळणाऱ्याशी पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलतो. ज्यांना कुत्रा पाळायचाच आहे, पण ज्यांनी अजून पाळलेला नाही, अशा घरात तात्पुरता सांभाळ शक्यतो देत नाही. तिथे परत देणे सर्वांत जड जाते. स्वतःचा कुत्रा गमावून वर्ष-दोन वर्षे झालेली, पुन्हा तेवढी जबाबदारी नको म्हणणारी वयस्क जोडपी यासाठी फार चांगली असतात.

लालबागकर

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या सतरा दिवसांत काय झाले ते लिहितो.

पाणवठा यांचे पहिले वाक्य वापरून तीन संस्थांना फोन केले. एकीकडे जागा नव्हती, दुसरीने पुन्हा फोन केला नाही आणि तिसरीकडून एक ताई रविवारी प्रत्यक्ष चाळीत आल्या. त्यांनी मावशींशी तासभर गप्पा मारल्या आणि त्यात बंड्याचा विषय शेवटच्या वीस मिनिटांत निघाला. डॉक्टरांकडून वेळापत्रक घेतले. केमो खरोखरच डे-केअरमध्ये आहे, दर एकवीस दिवसांनी. म्हणजे बंड्याला सध्या तीनच आठवडे बाहेर राहायचे आहे. त्यापुढच्या दिवसांसाठी तळमजल्यावरचा बारावीतला मुलगा तयार झाला आहे आणि कालनिर्णयच्या एका जुन्या पानाच्या मागे माझ्या पत्नीने फिरवण्याच्या पाळ्या लिहून ते मावशींच्या दाराला आतून चिकटवले आहे.

घर शिवडीला मिळाले आहे, एका निवृत्त पोस्टमास्तरांचे. त्यांचा कुत्रा गेल्या वर्षी गेला. करारनामा झाला. शेवटचा मुद्दा त्या ताईंनीच विचारला, तेव्हा मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "यांच्याकडंच राहू दे, पुतण्याकडं नको." त्यानंतर त्यांनी स्वतःहून एक वाक्य घालायला लावले: रात्री त्याला एकटे ठेवू नये.

पहिल्या दिवशी पातळ, परात, पट्टा आणि तांदूळ सगळे देऊनही बंड्या जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमास्तरांचा फोन आला, तेव्हा माझ्या ध्यानात आले की मुख्य गोष्ट आम्ही सांगितलीच नव्हती. मावशींचा "चल" मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला. आधी तो फोनचाच वास घेत बसला, पण तिसऱ्या वेळी परातीकडे गेला. आता पोस्टमास्तर स्वतः म्हणतात आणि तो ऐकतो, पण त्यांच्या सांगण्यानुसार आधी एकदा दाराकडे बघून घेतो.

मावशींची शस्त्रक्रिया येत्या मंगळवारी आहे. लेप्टोचा पहिला डोस झाला आहे आणि दुसऱ्याची तारीख शिवडीच्या मुक्कामातच येते, ती पोस्टमास्तरांना लिहून दिली आहे. श्वान परवाना तेवढा अडकला आहे, कारण दवाखान्यात लसीच्या कार्डावर मालकाच्या रकान्यात माझे नाव लिहिले होते. धुवाधार यांचे वाचून काल ते दुरुस्त करून आणले. उद्या पुन्हा अर्ज भरतो.